शनिवार तेल्यांचे सुभेदार

अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन अबोथ हे सिनेगॉग पहिल्यांदा बांधलं गेलं १८४८ साली. त्याच्या आठ वर्षं आधी, १८४० मध्ये, आंग्र्यांचं कुलाबा संस्थान खालसा होऊन कंपनी सरकारच्या ताब्यात गेलं होतं. रेवदंड्याचं बेथ एल १८४२ चं, पनवेलचं १८४९ चं, पेणचं १८६३ चं. म्हणजे पंचवीस वर्षांच्या आत या पट्ट्यात चार प्रार्थनामंदिरं उभी राहिली. ज्या समाजाला आजूबाजूचे लोक ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखत, ज्याच्या घरचं उत्पन्न घाण्याच्या तेलाबरोबर थेंबाथेंबानं येई, त्याच्याकडे दगडी भिंती आणि सागवानी तुळया उभारण्याइतका पैसा एकाएकी आला कुठून?

पैसा पलटणीतून आला. सगळा नव्हे, पण ज्याच्या जोरावर माणसं ‘चला, बांधू’ असं म्हणाली, तो पैसा आणि ती हिंमत फौजेतलीच, असं माझं मत आहे. बेने इस्रायलांविषयी, म्हणजे कोकणातल्या या यहुद्यांविषयी, आपल्याकडे जे लिहिलं जातं ते बहुधा नवगावच्या फुटलेल्या गलबतापाशी सुरू होतं आणि इस्रायलला जाणाऱ्या विमानापाशी संपतं. मधली दीडशे वर्षं, ज्यांत हा समाज खऱ्या अर्थानं घडला, ती कुठल्याशा गावच्या पेन्शनर सुभेदाराबरोबर खळ्यात बसून राहिली आहेत.

गलबताची कथा थोडक्यात सांगून टाकतो, कारण ती सर्वांना ठाऊक आहे. चौलकडे येणारं जहाज खांदेरी-उंदेरीच्या आसपास फुटलं, सात पुरुष आणि सात बायका नवगावच्या किनाऱ्याला लागल्या, बुडालेल्यांची प्रेतं तिथंच पुरली. नवगावच्या दफनभूमीत त्या जागेची खूण म्हणून स्मारक आहे. हे नेमकं कधी घडलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि श्रद्धेला सनावळीची गरजही नसते. एवढं खरं, की पुढे ही माणसं गावोगाव पसरली आणि गावांची नावं लावू लागली. दिवेचे दिवेकर, किहीमचे किहीमकर, झिराडचे झिराडकर, अष्टमीचे अष्टमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर. घरात मराठी, अंगावर इथलाच कपडा, आणि धंदा तेलाचा.

घाणा चालताना ज्यांनी पाहिला नाही त्यांना त्या धंद्याची चाल कळणार नाही. जमिनीत खोल रोवलेलं लाकडी उखळ, त्यात तिरकी बसवलेली लाट, लाटेच्या वरच्या टोकाला जोडलेली आडवी फळी, तिच्यावर ओझं म्हणून ठेवलेले दगड नाहीतर बसलेला घरातला पोर, आणि डोळ्यांना झापड लावलेला बैल. उखळात खोबरं किंवा तीळ. बैल फिरत राहतो, लाट करकरते, मधूनच पाण्याचा हबका मारायचा. बराच वेळ तर काहीच दिसत नाही. मग काठाशी ओलसर चकाकी येते आणि हळूहळू तेल उतरू लागतं. तळाशी उरते ती पेंड, ती गुरांना. या पट्ट्यात नारळाच्या वाड्यांना तोटा नाही, तेव्हा खोबरं मिळे. दिव्याला करंजाचं आणि उंडीचं तेल. धंदा बारमाही, पण बैलाच्या पायांच्या गतीचा. त्यात माणूस उपाशी राहत नाही आणि श्रीमंतही होत नाही.

आणि आठवड्यातून एक दिवस घाणा बंद. शनिवारी बैल सोडलेला, चूल थंड. बाजारहाट, देणं-घेणं सगळं दुसऱ्या दिवशी. मूळची धर्मभाषा विसरली होती, पोथ्या नव्हत्या, धर्मगुरू नव्हते. टिकलं होतं ते एवढंच: शनिवारची सुट्टी, मुलांची सुंता, प्रार्थनेचं शमा हे पहिलं वचन, आणि ताटातला विधिनिषेध. खवल्यांवाचूनची मासळी वर्ज्य. ज्या किनाऱ्यावर चिंबोऱ्या, कोळंबी आणि तिसऱ्या फुकटात हाती लागतात, तिथं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे पाठ फिरवून बसणं ही साधी गोष्ट नव्हे. शेजाऱ्यांनीही कधी ‘असं का’ म्हणून त्यांना छळलं नाही. तेली, पण शनिवारी घाणा न चालवणारे. म्हणून शनिवार तेली. जातींच्या उतरंडीत एक कप्पा करून दिला आणि विषय संपला.

हत्यार या समाजाला कंपनीनंच पहिल्यांदा दिलं असं नाही. हा किनारा आंग्र्यांचा, सिद्द्याचा आणि १७४० पर्यंत रेवदंड्यापुरता फिरंग्यांचा. तिघांची गलबतं, तिघांचे किल्ले. हाताला काम शोधणाऱ्या धडधाकट माणसाला कुणीतरी बोलावीच. आंग्र्यांच्या आरमारात अहरोन चुरीकर नावाचा बेने इस्रायल नायक होता आणि त्याला इनाम जमीन मिळाली होती, ही आठवण समाजानं जपली आहे. पण ही एकट्यादुकट्याची गोष्ट. समाजच्या समाज लष्कराकडे वळला तो मुंबईमुळे. १७४६ च्या सुमारास दिवेकरांचं घराणं मुंबईला गेलं असं सांगतात. पाठोपाठ बाकीचे. कुणी सुतारकाम धरलं, कुणी गवंडीकाम, आणि बरेच जण कंपनीच्या पलटणींत भरती झाले.

त्याचं कारण समजण्यासारखं आहे. मुंबईच्या फौजेला माणूस हवा होता आणि तो कोकणातूनच मिळत होता: मराठे, महार आणि हे बेने इस्रायल. त्या काळी बढती मुख्यतः नोकरीच्या वर्षांवर मिळे. जो टिकला, हजेरीला चुकला नाही, गोळीतून वाचला, तो नाईक, हवालदार, जमादार करत सुभेदार व्हायचा. सावकार लागत नाही, जमीन लागत नाही, वशिला थोडा लागतो. घाण्यामागे जन्म काढलेल्या घरातल्या पोराला सावकाश पण न थांबता चालणं शिकवावं लागत नव्हतं.

या सगळ्यांत पहिला आणि ठळक माणूस म्हणजे सॅम्युएल इझिकेल दिवेकर. पण पलटणीच्या हजेरीपटात हे नाव शोधाल तर सापडायचं नाही. तिथं ते समाजी हसाजी. सॅम्युएलचा समाजी, इझिकेलचा हसाजी, अब्राहमचा अबाजी, एलियाहूचा एलोजी: बोलीनं ही नावं अशी घोळवली, की जुनी यादी वाचताना यातला मराठा कोण आणि यहुदी कोण हे कळू नये. समाजींचा जन्म १७३० च्या आसपासचा सांगतात. कंपनीच्या सहाव्या पलटणीत ते चढत चढत नेटिव्ह कमांडंट झाले, म्हणजे हिंदी माणसाला तेव्हा मिळू शकणाऱ्या वरच्या जागेपर्यंत पोचले.

१७८० ते १७८४ हे दुसऱ्या म्हैसूर युद्धाचे दिवस. जानेवारी १७८३ मध्ये जनरल मॅथ्यूजनं मुंबईची फौज घेऊन बेदनूर जिंकलं आणि तीनेक महिन्यांत टिपूनं ते परत घेतलं. मॅथ्यूज कैदेतच मेला. याच युद्धात समाजी टिपूच्या हाती सापडले. पुढचं समाज सांगतो ते असं. कैद्यांना एकेक करून पुढे आणलं जात होतं. ‘तू कोण?’ या प्रश्नाला समाजींनी उत्तर दिलं, ‘बेने इस्रायल.’ पडद्याआडून टिपूची आई ऐकत होती. कुराणात ज्यांचं नाव वारंवार येतं ती माणसं आपल्या राज्यात प्रत्यक्ष पाहिली नव्हती, तेव्हा यांना मारू नका, अशी तिनं रदबदली केली आणि जीव वाचला. कैदेत असताना समाजींनी नवस केला होता, की जिवंत सुटलो तर देवाचं घर बांधीन.

या कथेतला पडदा आणि त्यामागची राजमाता यांना कागदाचा आधार मागणाऱ्यानं मागावा. मला यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ‘तू कोण?’ हा प्रश्न अलिबागेत कुणी विचारला असता तर उत्तर आलं असतं, शनिवार तेली. मुंबईच्या छावणीत विचारला असता तर, सहावी पलटण. मरणाच्या दारात तिसरं उत्तर द्यावं लागलं आणि त्यानंच जीव वाचला, असं समाज दोनशे वर्षं एकमेकांना सांगत आला. कथा घडली असो वा नसो, आपण कोण याची या समाजाला जी जाग आली तिची ही कथा आहे, आणि तिचा नायक म्हणून त्यानं रब्बी निवडला नाही, व्यापारी निवडला नाही, शिपाई निवडला.

सुटल्यावर समाजींचा कोचीनशी संबंध आला. तिथल्या यहुद्यांची सिनेगॉगं त्यांनी पाहिली, तिथली रीत पाहिली. कोकणात तोवर प्रार्थना घरोघरी चाले. मंदिर म्हणून एक वास्तू नव्हतीच. १७९६ मध्ये समाजींनी मुंबईत मांडवी भागात स्वतःच्या खर्चानं सिनेगॉग बांधलं. नाव शार हारहमीम, दयेचं दार. मुंबईतलं हे पहिलं. वय तेव्हा पासष्टीच्या घरात. पेन्शनीच्या वयात माणसं गावाकडे वाडी लावतात. या गृहस्थानं एका अख्ख्या समाजाला पहिलं छप्पर दिलं. मंदिर झालं, पण आत ठेवायला तोरा नव्हता, म्हणजे हातानं लिहिलेली धर्मग्रंथाची गुंडाळी. ती आणायला ते पुन्हा कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिथंच वारले.

सिनेगॉग पुढे १८६० मध्ये आजच्या जागी आलं. त्याला लोक ‘जुनी मशीद’ म्हणत, कारण कोकणातले बेने इस्रायल आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत असत. लोकलच्या मस्जिद स्थानकाचं नाव या मशिदीवरून पडलं, असं बेने इस्रायल सांगतात. जवळचा सॅम्युएल स्ट्रीट मात्र निःसंशय आपल्या समाजींचा. रोज त्या रस्त्यानं हातगाड्या ढकलणाऱ्यांना आणि सुकामेवा घ्यायला येणाऱ्यांना तो सॅम्युएल म्हणजे कुणी गोरा साहेब वाटत असेल. तो दिवे गावचा होता.

समाजींच्या मागून जे गेले त्यांची कथा इतकी नाट्यमय नाही, पण ती जास्त फळली. मुंबईची फौज जिथं जिथं गेली, मुलतान, इराण, अ‍ॅबिसिनिया, अफगाणिस्तान, तिथं हे लोक गेले. आणि वीस-तीस वर्षांनी परत आले. कोकणाला असा माणूस नवा नव्हता. दापोलीचा कॅम्प तर एके काळी म्हाताऱ्या, जायबंदी शिपायांसाठीच राखलेला होता. गावोगावी असा एखादा पेन्शनर असायचाच. पहाटे उठणारा, मिशीला वळण देणारा, अंगणात कोट घालून बसणारा, छातीवर सणासुदीला पदक लावणारा. हातात दरमहा रोख. शेतकऱ्याकडे भात असतं, तेल्याकडे तेल असतं, कुळाकडे देणं असतं. नाणं असायचं ते या माणसाकडे. शिवाय त्यानं जग पाहिलेलं. अर्ज कसा लिहावा, वर्गणीची यादी कशी करावी, साहेबापुढे उभं कसं राहावं, हे त्याला येई. सिनेगॉग बांधायला वर्गणी लागते, जागा लागते, परवानगी लागते, हिशेब लागतो आणि भांडणारे पंच एका जागी बसवणारा कुणी लागतो. पलटणीत सुभेदार हेच तर करतो.

ज्ञान बाहेरून आलं, तेही याच काळात. कोचीनहून आलेले शेलोमो सालेम शुर्राबी मुंबईच्या नव्या सिनेगॉगमध्ये वर्षाला १०० रुपयांवर प्रार्थना चालवत आणि पोट भरायला पुस्तकं बांधत. १८५६ मध्ये ते वारले तोवर त्यांनी कोकणातल्या माणसांना धर्माचे विधी नव्यानं शिकवले होते. मिशनरी जॉन विल्सननं १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं. त्याला यांना ख्रिस्ती करायचं होतं, यांनी त्याच्याकडून भाषा घेतली आणि धर्म ठेवून घेतला. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी मुंबईत इस्रायली शाळा काढली. १८८० मध्ये बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या मंडळींनी कीर्तन सुरू केलं: टाळ, पेटी, पूर्वरंग, उत्तररंग सगळं आपल्या हरदासाचं, आख्यान मात्र अब्राहमाचं. नारदाच्या गादीवर मोशेची कथा सांगावी आणि श्रोत्यांना त्यात काही वावगं वाटू नये, हे या किनाऱ्यावरच घडू शकतं.

मग दार बंद झालं. १८५७ नंतर सरकारच्या मनात जातवार फौजेची कल्पना मूळ धरू लागली आणि १८९० च्या दशकात मुंबईच्या पलटणींपर्यंत पोचली. एका जातीची एक कंपनी, आणि जातीही ‘लढवय्या’ ठरवलेल्या. ज्या समाजात अख्खी कंपनी भरण्याइतकी माणसंच नाहीत त्यानं काय करावं? सुभेदाराच्या मुलाला आता सुभेदार होता येईना. बेने इस्रायल हळूहळू रेल्वेत, पोस्टात, दवाखान्यात, कचेऱ्यांत कारकून होऊन गेले.

याच वर्षांत हेच दार महारांनाही बंद झालं. त्यांच्याकडचा पेन्शनर म्हणजे महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर. १८८६ मध्ये फौजेतून निवृत्त झाले, १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं, भरतीबंदीविरुद्ध अर्जाचा मसुदा केला. १८९५ मध्ये त्यांची महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या शेजारी बसायला सवर्ण सभासद तयार होईनात. दोन्ही समाजांची दुःखं सारखी नव्हती. शनिवार तेल्याला कुणी तळ्यावरून हाकललं नव्हतं. पण कुलाब्याच्या पट्ट्यात समाज हलवला तो दोन्हीकडे म्हाताऱ्या शिपायानं, आणि त्याच्या नातवाला पलटणीच्या दाराशी अडवलं गेलं तेही दोन्हीकडे. आपल्या समाजसुधारणेच्या इतिहासात वकील, मास्तर आणि संपादक भरपूर भेटतात. पेन्शनर हवालदाराला त्यात अजून त्याची जागा मिळालेली नाही.

किहीमकरांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला आणि त्यात हिंदी अधिकाऱ्यांची नावं नोंदवून ठेवली. पुस्तक छापलं गेलं तेव्हा किहीमकर हयात नव्हते: १९३७ मध्ये, तेल अवीवला. किहीमच्या माणसानं लिहिलेला किहीमच्या शेजारपाजारचा इतिहास समुद्र ओलांडून छापावा लागला, यावर काय बोलावं!

पुढचं धावतं. स्वतंत्र भारताच्या आरमारात बेंजामिन अब्राहम सॅमसन चढत चढत ताफ्याचे सेनापती झाले, १९६५ च्या युद्धात तो ताफा त्यांच्या हाताखाली होता, आणि नंतर माझगाव डॉकची सूत्रं त्यांच्याकडे आली. आंग्र्यांच्या नायकापासून इथवर एक रेघ ओढता येते. पण तोवर गावं रिकामी होऊ लागली होती. १९४८ नंतर माणसं इस्रायलला गेली. तिथं ‘तुम्ही खरे यहुदी का?’ असं विचारलं गेलं, तेव्हा संप करून, उपोषणं करून १९६४ मध्ये त्यांनी बरोबरीचा हक्क मिळवला. टिपूच्या दरबारातला प्रश्न पुन्हा विचारला गेला, तोही आपल्यांकडूनच. आज अश्दोद आणि दिमोना इथं मराठी बोललं जातं, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं आहे, मलिद्याला पोहे, खोबरं आणि गूळ लागतोच. इकडे रायगडात मोजकी कुटुंबं उरली. राज्य सरकारनं २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला.

या घराण्यांचे, आणि तसेच मराठा आणि महार शिपायांच्या घराण्यांचेही, वंशज हा लेख वाचत असतील तर त्यांना एक विनंती. माळ्यावरच्या ट्रंकेत पणजोबांचं पदक असेल. चांदीचं आहे म्हणून सोनाराकडे नेण्याआधी ते उजेडात आडवं धरा आणि त्याची कड पाहा. बहुतेक पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. नाव समाजी असेल, एलोजी असेल, गोविंदा असेल. अक्षर न अक्षर उतरवून घ्या, सोबत पेन्शनचा कागद असेल तर त्याचा फोटो काढा, आणि दोन्हीची एकेक प्रत तालुक्याच्या वाचनालयात नेऊन द्या.